दिव्यांग पालक, लहान मूल आणि मनोरंजन उद्याने

दिव्यांग व्यक्तींच्या पुनर्वसनाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने शिक्षण, उपचार आणि रोजगार या अंगांनी होत आला आहे. 1981 हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले गेले, 1995 साली केंद्रीय कायदा झाला आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. या सर्व वाटचालीत दिव्यांग व्यक्ती विद्यार्थी म्हणून दिसते, रुग्ण म्हणून दिसते, नोकरीची उमेदवार म्हणून दिसते. ती कुणाची तरी आई किंवा कुणाचे तरी वडील असते, ही गोष्ट मात्र क्वचितच ध्यानात घेतली जाते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्या मुलांनाही पाळण्यात बसावयाचे असते आणि झुकझुकगाडीची फेरी हवी असते.

मनोरंजन उद्यानांचा आधुनिक इतिहास अमेरिकेतील अनाहाइम येथे 1955 साली सुरू झालेल्या डिस्नेलँडपासून सांगितला जातो. आपल्या राज्यात 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड आणि 2013 साली खोपोलीनजीक इमॅजिका सुरू झाले. डिस्नेलँडच्या कल्पनेचा उगम वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः सांगितला आहे. लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली फिरत्या लाकडी घोड्यांवर बसत आणि ते मात्र बाकावर बसून राहत. आईवडील व मुले यांना मिळून आनंद घेता येईल अशी जागा असावी, असे त्यांना तेथे वाटले. दिव्यांग पालकाचे स्थान अद्यापही बहुधा त्या बाकावरच आहे.

याचे कारण केवळ पायऱ्या हे नव्हे. उद्यानांच्या नियमांतच एक विचित्र पेच आहे. लहान मुलासोबत एक प्रौढ व्यक्ती असलीच पाहिजे, हा एक नियम. दिव्यांग व्यक्तीसोबत एक सक्षम सोबती हवा, हा अनेक ठिकाणचा दुसरा नियम. दोन्ही आपापल्या जागी समंजस वाटतात. परंतु चाकाच्या खुर्चीवरील आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन एकटी आली, तर पहिल्या नियमाप्रमाणे ती सोबत करणारी ठरते आणि दुसऱ्याप्रमाणे तिलाच सोबत लागते. मग तिसऱ्या माणसावाचून दोघांनाही प्रवेश नाही. रेल्वेच्या सवलतीतील सोबत्याची तरतूदही याच समजुतीवर उभी आहे, की दिव्यांग व्यक्तीला कुणीतरी नेत असते. ती स्वतः कुणाला नेत असेल, अशी कल्पना नियम करणाऱ्यांनी केलेली नसते.

सुरक्षिततेचे कारण खोटे आहे असे मात्र कुणी म्हणू नये. 2011 साली न्यूयॉर्क राज्यातील एका उद्यानात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरमधून बाहेर फेकला जाऊन मृत्युमुखी पडला. मांड्यांवर येणारा आडवा दांडा पायांच्या आधारानेच माणसाला धरून ठेवतो. पाय नसतील तर त्याचा उपयोग नाही. उंचावर खेळणे बंद पडल्यास पायऱ्यांनी खाली उतरावे लागते, हाही विचार आहे. परंतु जमिनीवरून संथ धावणाऱ्या आगगाडीला रोलर कोस्टरचाच नियम लावणे, ही काळजी नसून कामचुकारपणा होय. प्रत्येक खेळण्याचा स्वतंत्र विचार करून, कुणाला कोणत्या कारणास्तव बसता येणार नाही हे प्रवेशद्वारापाशीच लिहून ठेवले, तर तिकीट काढल्यानंतरची मानहानी तरी टळेल.

अमेरिकेने 1990 साली दिव्यांगांसाठी व्यापक कायदा केला. त्याखालील 2010 ची मानके 2012 पासून लागू झाली. त्यांनुसार नव्या खेळण्यांत निदान एका ठिकाणी चाकाची खुर्ची नेता यावी, किंवा खुर्चीतून सरकून बसता यावे, अशी सोय करावी लागते. मात्र त्यात एक अपवाद आहे. मुख्यत्वे लहान मुलांकरिता असलेल्या आणि ज्यांत प्रौढ व्यक्ती मुलाला चढवते-उतरवते अशा खेळण्यांना ही आसनाची अट नाही. ती प्रौढ व्यक्तीच दिव्यांग असू शकेल, हे इतक्या तपशीलवार मानकांतूनही निसटून गेले!

रांगेचा प्रश्न वेगळा. तासन् तास उभे राहू न शकणाऱ्यांसाठी डिस्नेच्या उद्यानांत सवलत होती. परंतु काही धनिक कुटुंबे रांग टाळण्यासाठी दिव्यांग व्यक्तींना मोबदला देऊन सोबत नेतात, अशा बातम्या 2013 साली प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी पद्धत बदलून परत येण्याची वेळ नेमून देण्यास सुरुवात झाली. 2024 मध्ये ही सवलत मुख्यत्वे स्वमग्नता व तत्सम विकासात्मक दिव्यांगत्वापुरती मर्यादित झाली. गैरफायदा घेणारे निराळेच असतात. नियम आवळला की दूर लोटला जातो तो खरा गरजवंत. सवलतींची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा.

याउलट टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे, दगडाच्या बंद पडलेल्या खाणीच्या जागी, 2010 साली ‘मॉर्गन्स वंडरलँड’ सुरू झाले. गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या दिव्यांग मुलीच्या नावाने ते उभारले. तेथे झोपाळ्यावर खुर्चीसकट झुलता येते, आणि दिव्यांग व्यक्तीस प्रवेशशुल्क नाही. 2017 साली शेजारी जलउद्यान झाले. तेथे विजेऐवजी दाबाखालील हवेवर चालणाऱ्या खुर्च्या मिळतात, म्हणजे पाण्यात खुर्ची बिघडत नाही.

गरजा अर्थातच सारख्या नसतात. हातांनी खुर्ची चालविणाऱ्या पित्याला बाबागाडी ढकलता येत नाही. मूल मांडीवर बसते आणि त्या वजनासह उतार चढावा लागतो. म्हणूनच 12 फूट लांबीला 1 फुटापेक्षा अधिक चढ नसावा, या प्रमाणाला महत्त्व आहे. दृष्टिहीन आई घरात मुलाच्या पायांतील घुंगरांच्या वाळ्यांवरून त्याचा माग ठेवते. उद्यानाच्या गोंगाटात ते वाळे ऐकू येत नाहीत, आणि तेथे कुंपण असलेले, एकच दार असलेले खेळाचे आवार तिला पुष्कळ साहाय्य करते. कर्णबधिर पालकांचे मूल हरवले, तर ध्वनिक्षेपकावरील घोषणा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. फलकावर तोच मजकूर झळकविण्यास फारसा खर्च येत नाही.

कायद्याचे पाठबळ आहे. भारताने 2007 साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात अपत्यसंगोपनासाठी दिव्यांग पालकांना साहाय्य देणे हे शासनाचे कर्तव्य मानले आहे. 2016 च्या अधिनियमात सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत मनोरंजनासाठी वापरल्या जाणाऱ्या खासगी इमारतीही येतात, आणि कलम 44 नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास परवानगी देता येत नाही. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि सक्तीची मानके ठरविण्यास सांगितले.

बालवाडीच्या सहलीला पालकांना बोलावताना शिक्षिका दिव्यांग आईला सांगतात, “तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही सांभाळू की त्याला.” यात सद्भाव असतो. परंतु आई घरी राहते आणि मूल एकटे जाते. त्याऐवजी सहलीचे ठिकाण अगोदर पाहून यावे, आणि त्या आईला काय जमते हे तिलाच विचारावे.

मोठी उद्याने गावापासून दूर असतात. गावातील मुलांचे मनोरंजन उद्यान म्हणजे वर्षाची यात्रा आणि एखादी बाग. बागेच्या तोंडाशी गुरे व दुचाकी अडविण्यासाठी बसविलेले वाकडे फाटक चाकाच्या खुर्चीलाही तितकेच चोख अडविते. शेजारी 900 मिलिमीटरचे, कडीचे एक दार ठेवावे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो कोठे खर्चावा हे ठरविताना गावातील दिव्यांग पालकांना बैठकीस बोलावावे. यात्रेत पाळणेवाल्यास जागा नेमून देताना ती सपाट व रस्त्यालगत असावी, आणि लहान मुलांच्या पाळण्याशेजारी खुर्ची उभी राहील एवढी मोकळीक सोडावी. हे जागेचे भाडे ठरवितानाच बोलून घ्यावे लागते. एकदा पाळणा उभा राहिला, की यात्रा उठेपर्यंत तो हलत नाही.