यादीत नाव आहे, पण ऐकतंय कोण?



२६ जुलै २००५चा मुंबईतला पाऊस आठवतो ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. खिशात मोबाइल होते, पण लागत नव्हते. हिंदमाता चौकातल्या पाण्यात अडकलेला माणूस दारात दिसेपर्यंत प्रभादेवीतल्या घरच्यांच्या जिवात जीव नव्हता.

अशा दिवसासाठी हौशी मंडळींना एक खेळणं सापडलंय. मुठीत मावणारं यंत्र, आखूड अँटेना, आत लोरा जातीची रेडिओ चिप. त्यावर चालणारं मेशटॅस्टिक हे सॉफ्टवेअर २०२० साली आलं, तेही फुकट. सिमकार्ड नको, टॉवर नको. आपला निरोप शेजारच्या यंत्रानं ऐकायचा आणि पुढे सांगायचा. नेहमीच्या मांडणीत तो असा तीनदा पुढे जातो. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये, नियमांत बसणाऱ्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही.

यंत्र ब्लूटूथनं फोनला जोडलं की आसपासच्या यंत्रांची यादी दिसते. लोक फसतात ते इथेच. काल रात्री बंद झालेलं यंत्रही यादीत ऐटीत बसलेलं असतं. तेव्हा आधी बघायचं, ते शेवटचं कधी ऐकू आलं आणि किती टप्प्यांनी. सिग्नल आणि गोंगाट यांच्या तुलनेचा आकडा वजा दहा दिसला तरी घाबरू नका. गोंगाटाखाली दबलेलं ओळखणं हेच तर लोराचं कसब. आणि यंत्र आपली ओळख साधारण तीन तासांनी पुन्हा सांगतं, म्हणून पाच मिनिटांत ‘कुणीच नाही’ म्हणत बंद करू नका.

प्रभादेवीत खरा अडथळा काँक्रीटचा. गोखले रोडवर तळमजल्यावरून दोन गल्ल्यांपलीकडचं ऐकू येईलच असं नाही. तेच यंत्र कीर्ती कॉलेजमागच्या किनाऱ्यावर न्या: समोर मोकळं पाणी, पलीकडे वांद्रे. नजर पोचते तिथे लहरही बहुधा पोचते. म्हणून एक यंत्र गच्चीवर कायम ठेवलं तर अख्ख्या इमारतीची सोय होते. गच्चीची किल्ली मात्र लोरा देत नाही, त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींनाच गाठावं लागतं.

निरोप आटोपशीर हवा. एका निरोपात दोनशेच्या थोडे वर बाइट मावतात, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, वर मात्रा-वेलांटीला आणखी तीन. ‘मी सुखरूप आहे’ एवढ्यातच पस्तीस संपतात.

सगळ्यांच्या चॅनेलवर पाठवलेल्या निरोपापुढे बरोबरची खूण आली, तर शेजारच्या कुठल्यातरी यंत्रानं तो पुढे ढकलला, एवढाच तिचा अर्थ. नेमक्या माणसाला गाठायचं तर यादीतलं त्याचं नाव निवडून त्यालाच पाठवा. मग त्याच्या यंत्राची पोच येते. पण यंत्र पिशवीत आणि मालक झोपेत असला तरी पोच येतेच, बरं का! आई परळहून निघाली की नाही, हे तिच्या उत्तरावरूनच धरायचं.