सातपुड्याचा रानपिंगळा

सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील दाट अरण्यांत तांबूस केसांचें एक मोठें वानर राहतें. मलायी भाषेंत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे रान. म्हणून त्याचें नांव ओरांगउटान, रानांतला माणूस. या रानमाणसाला त्याच्या घरीं पाहावें म्हणून देशोदेशींचे प्रवासी तेथवर जातात. सुमात्रांतील बुकित लावांग हें नदीकाठचें लहानसें गांव तर त्याच्यामुळेंच जगाला ठाऊक झालें. हा प्रवास लांबचा आणि खर्चाचा. परंतु रानांतल्या गांवीं जाऊन एखादा दुर्मिळ जीव त्याच्या घरीं पाहावा अशी हौस असेल, तर खानदेशांतील माणसाला समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. जळगांवाहून किंवा धुळ्याहून भल्या पहांटे निघावें, तापी ओलांडावी आणि समोर दिसणाऱ्या सातपुड्याची वाट धरावी. ज्या पांखराला पक्षिशास्त्राचे पंडित शंभराहून अधिक वर्षें मुकले होते, तें पांखरूं तेथें एखाद्या सागाच्या शेंड्यावर ऊन खात बसलेलें असतें.

त्याचें नांव रानपिंगळा. साधा पिंगळा कोणाला माहीत नाहीं? गांवच्या वडाच्या ढोलींत, पडक्या वाड्याच्या भिंतींत तो राहतो आणि दिवे लागणीच्या सुमारास आपला कलकलाट सुरू करतो. पहांटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या जोश्यालाहि आपण याच पक्ष्याचें नांव दिलें आहे. रानपिंगळा हा त्याचा भाऊबंद. उंचीनें वीतभर, तेवढाच वाटोळा, पिवळ्या डोळ्यांचा. पण दोघांना शेजारीं ठेवलें तर फरक दिसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचें डोकें बहुतेक कोरें. त्याच्या शेपटीवरील पट्टे रुंद, छातीचा रंग गडद, पोट स्वच्छ पांढरें, आणि पाय व नख्या अंगाच्या मानानें फार दणकट.

या पक्ष्याचा इतिहास एखाद्या रहस्यकथेसारखा आहे. १८७२ सालीं एफ. आर. ब्लूइट यांना हल्लींच्या छत्तीसगडांतील फुलझर भागांत एक वेगळें घुबड मिळालें. पुढल्या वर्षीं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें आणि ब्लूइट यांचेंच नांव त्याला जोडलें. हे ह्यूम म्हणजे १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे तेच गृहस्थ. पक्षिशास्त्र हा त्यांचा दुसरा ध्यास होता. १८७७ सालीं व्हॅलेंटाइन बॉल यांना पूर्वेकडेच आणखी एक पक्षी सांपडला. त्यानंतर १८८० पासून चारपांच वर्षांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें खानदेशांत, शहादें-तळोद्याच्या बाजूच्या रानांत, आणखी कांहीं पक्षी मिळविले. अशीं सारीं मिळून सात कातडीं जगांतील संग्रहालयांत पोंचलीं. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा जणूं गडप झाला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनींहि त्याचा शोध घेतला, पण हातीं कांहीं लागलें नाहीं. मध्यंतरीं कोणी कोणी ‘दिसला’ म्हणून सांगत. तपास केल्यावर तो साधा पिंगळाच निघे.

या अंधारांत एका लबाडीची भर पडली होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश सैन्यांतील अधिकारी पक्षिसंग्राहक म्हणून नांवाजलेले होते. त्यांच्या संग्रहांत रानपिंगळ्याचें एक कातडें होतें, आणि त्याच्या चिठ्ठीवर गुजरातेंतील तापीकांठचें मांडवी हें ठिकाण व १९१४ हें साल लिहिलेलें होतें. याचा अर्थ असा कीं, डेव्हिडसन यांच्या नंतरहि तीस वर्षांनीं हा पक्षी एका नव्याच जागीं मिळाला होता. अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन यांना या चिठ्ठीचा संशय आला. कातडें सोलून त्यांत कापूस भरण्याची प्रत्येक माणसाची एक पद्धत असते. जशी शिंप्याची शिवण, तशी ती ओळखतां येते. बारकाईनें तपासतां असें दिसलें कीं, हें कातडें आधीं डेव्हिडसन यांच्या पद्धतीनें भरलेलें होतें. मग कोणीतरी तें उसवून पुन्हां भरलें होतें. ब्रिटिश संग्रहालयांतून लांबविलेला खानदेशचा पक्षीच खोट्या चिठ्ठीसह मांडवीच्या नांवावर चढला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनीं हा सारा पुरावा १९९९ सालीं प्रसिद्ध केला.

खोटी नोंद एकट्या शास्त्राचेंच नुकसान करीत नाहीं. ती शोधणाऱ्याचे पायहि चुकीच्या वाटेला लावते. रासमुसेन यांनीं मांडवीची चिठ्ठी बाजूला सारली आणि उरलेल्या खऱ्या नोंदींवर भिस्त ठेवली. १९९७ च्या नोव्हेंबरांत त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतांत आले. प्रथम पूर्वेकडील जुन्या जागा त्यांनीं धुंडाळल्या. तेथें निराशा झाली. मग ते डेव्हिडसन यांच्या खानदेशांत, शहाद्याजवळच्या टेकड्यांत आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं, लख्ख उन्हांत, एका निष्पर्ण झाडावर बसलेलें एक पिंगळ्यासारखें पांखरूं किंग यांना दिसलें. डोक्यावर ठिपके नव्हते; पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांचे होते. ११३ वर्षांचा पडदा त्या क्षणीं दूर झाला. शहादें त्या वेळीं धुळे जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ पासून तें नव्या नंदुरबार जिल्ह्यांत गेलें. तेव्हां हा मान जुन्या खानदेशाचाच म्हणावयाचा.

मग इतकीं वर्षें हा पक्षी कोठें होता? उत्तर साधें आहे: तो होता तेथेंच होता. घुबड म्हटलें कीं रात्र, आणि दुर्मिळ पक्षी म्हटला कीं घनदाट अरण्य, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रानपिंगळा दोन्ही समजुतींना दाद देत नाहीं. तो बहुतांशीं दिवसाच हिंडतो. सागाच्या विरळ, कोरड्या रानांत, जेथें झाडांमध्यें मोकळी जागा आहे, तेथें तो उंच फांदीवर बसतो, शेपटी झटक्यानें इकडे-तिकडे हलवितो आणि खालीं एखादा सरडा किंवा उंदीर हालला कीं झेप घालतो. सकाळच्या उन्हांत लांकूडफांटा आणावयास निघालेल्या पावरा किंवा भिल्ल माणसाच्या डोक्यावरून तो कितीदां गेला असेल! हरवला होता तो पक्षी नव्हे. हरवली होती ती विद्वानांच्या पुस्तकांतली त्याची ओळख.

पुढें १९९८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनीं, व त्यांच्यामागून गिरीश जठार यांनीं, तोरणमाळ आणि आसपासच्या रानांत या पक्ष्याचा पद्धतशीर अभ्यास केला. तो काय खातो, कोणत्या ढोलींत अंडीं घालतो, किती जागेवर हक्क सांगतो, हें हळूहळू कळूं लागलें. मेळघाटांत, मध्य प्रदेशांतील खांडव्याच्या बाजूस आणि जळगांव जिल्ह्यांतील यावल अभयारण्यांतहि तो आढळला. २०१४ सालीं तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यांत त्याचें दर्शन झालें. या नव्या जागांमुळें जागतिक यादींत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवरून २०१८ सालीं ‘संकटग्रस्त’ या पायरीवर आणलें गेलें. रोगी खाटेवरून उठून बसला एवढाच याचा अर्थ. तो बरा झाला असा नव्हे.

आतां प्रवासाकडे वळूं. धुळ्याहून जाणाऱ्यानें दोंडाईच्यावरून शहादें गांठावें. तेथून म्हसावद, राणीपूर अशीं गांवें मागें टाकीत रस्ता घाट चढूं लागतो आणि सुमारें साडेअकराशें मीटर उंचीवरील तोरणमाळच्या पठारावर पोंचतो. यशवंत तलाव आणि गोरखनाथाचें देऊळ पाहण्यास पुष्कळ लोक येतात; महाशिवरात्रीला तर यात्राच भरते. पण पक्षी पाहावयाचा तर घाटाखालच्या आणि उतारावरच्या सागवनांत हळूहळू पायीं फिरावें. जळगांवकरांची वाट निराळी. यावल-रावेरच्या केळीच्या बागा संपतात न संपतात तोंच सातपुड्याची भिंत उभी राहते. रावेर तालुक्यांतलें पाल हें थंड हवेचें गांव या रानाचें एक दार आहे. १९६९ सालीं जाहीर झालेलें, सुमारें १७६ चौरस किलोमीटरांचें यावल अभयारण्य मध्य प्रदेशाच्या सीमेला भिडलेलें आहे. अंजन, साग, सालई, धावडा हीं इथलीं झाडें. लंगडा आंबा, जामन्या, गाडऱ्या हीं आंतलीं गांवें. हिवाळ्याचा उत्तरार्ध आणि उन्हाळ्याचा आरंभ हा काळ चांगला, कारण पानगळीनंतर फांदीवरचा पक्षी लपत नाहीं. पायीं फिरण्यापूर्वीं वनखात्याची परवानगी घ्यावी आणि गांवांतला एखादा जाणता माणूस योग्य मोबदला देऊन बरोबर घ्यावा. शहरी डोळ्याला झाडाची गांठ वाटते, तो पिंगळा आहे हें त्याला आधीं कळतें.

येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. रानपिंगळ्याला घरटें बांधतां येत नाहीं. त्याला जुन्या झाडाची तयार ढोली लागते. अशी ढोली तयार व्हावयास झाडाचें सारें आयुष्य जावें लागतें, आणि झाड पाडावयास एक सकाळ पुरते. यावलच्या रानांत गेल्या कांहीं दशकांत तोड आणि अतिक्रमण यांनीं मोठालीं खिंडारें पडलीं आहेत. त्याचा दोष एकट्या रानांतल्या माणसाच्या माथीं मारणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या रानांत राहून ज्याच्या नांवावर वीतभर जमीन नव्हती, त्याला २००६ च्या वनहक्क कायद्यानें कसत्या जमिनीवर अधिकार दिला. त्यासाठीं १३ डिसेंबर २००५ पूर्वींचा ताबा ही अटहि घातली. त्या तारखेनंतर तुटलेलें रान मात्र कोणाच्याच हक्कांत बसत नाहीं. शिवाय ज्या सागाच्या दारांचें आणि पलंगांचें आपण शहरांत कौतुक करतों, तो साग कोणत्या डोंगरावरून आला हें विचारण्याची चाल आपल्याकडे नाहीं. त्यांत घुबडाविषयींच्या अंधश्रद्धेची भर. जादूटोण्यासाठीं घुबडें मारणारे लोक आजहि आहेत, आणि त्यांची गिऱ्हाइकें अडाणीच असतात असें नाहीं. रानपिंगळ्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें सर्वांत कडक संरक्षण आहे. पण कायदा प्रत्येक ढोलीपाशीं पहारा करूं शकत नाहीं. तो पहारा शेजारचें गांवच करूं शकेल, आणि पक्षी जगण्यांत गांवाचाहि कांहीं लाभ असेल तरच करील.

सुमात्रांतल्या त्या गांवाचा धडा येथें उपयोगी पडतो. बुकित लावांग येथें १९७३ सालीं, पाळलेल्या ओरांगउटानांना पुन्हां रानांत सोडण्यासाठीं, एक केंद्र सुरू झालें. प्रवासी येऊं लागले, गांवाला उत्पन्न झालें आणि रान राखण्यास एक कारण मिळालें. पण त्याबरोबरच फळांचें आमिष दाखवून वानरांना जवळ बोलावण्याची खोड लागली. सोकावलेलीं वानरें माणसांच्या अंगावर येऊं लागलीं आणि माणसांचे आजार त्यांना जडण्याची भीति वाढली. पाहण्याच्या हौसेनें पाहण्याचा जीवच बिघडावा, असा हा प्रकार.

आपल्याकडे फळांच्या जागीं दुसरें आमिष आहे. पक्ष्याच्या हाकेचें ध्वनिमुद्रण वाजविलें कीं रानपिंगळा धांवत येतो, कारण आपल्या हद्दींत कोणी परका शिरला असें त्याला वाटतें. पाहणाऱ्याला छायाचित्र मिळतें. पक्ष्याची मात्र सारी सकाळ त्या नसलेल्या शत्रूला हुसकण्यांत जाते, आणि पिलें उपाशी राहतात. म्हणून जाणाऱ्यानें कांहीं पथ्यें पाळावीं. हाक वाजवूं नये. ढोलीच्या झाडाखालीं उभें राहूं नये. छायाचित्रासाठीं प्रखर दिवा पाडूं नये. घरटें सांपडलेंच तर त्याची जागा चारचौघांत सांगूं नये. आणि पक्षी दिसला नाहीं तर बरोबरच्या वाटाड्यावर रागावूं नये. त्याच्या श्रमाचे पैसे तेवढेच द्यावे.

कारण रान हें प्राणिसंग्रहालय नव्हे. तेथें पाहुण्याला दर्शनाचा हक्क नसतो. दर्शन घडलें तर तो प्रसाद समजावा. ज्या मुलांना पुस्तकांतला ओरांगउटान तोंडपाठ आहे, त्यांना एकदां सातपुड्याच्या पायथ्याशीं न्यावें. उन्हांत फांदीवर बसलेल्या त्या वीतभर पांखराकडे बोट दाखवून त्यांना सांगावें कीं, याला शोधण्यासाठीं लोक सातासमुद्रांपलीकडून आले, आणि तो आपल्या घरापासून एका सकाळच्या अंतरावर राहत होता. पुढें तो राहील कीं नाहीं, हें त्या मुलांच्या पिढीला ठरवावयाचें आहे.