ताप लपवावा लागू नये

(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण, नोव्हेंबर २०२१)



२० ऑक्टोबरपासून राज्यातली महाविद्यालये पुन्हा सुरू झाली. दीड वर्षाने तुम्ही वर्गात बसलात, त्याचा आनंद तुमच्या चेहऱ्यावर दिसतोय. तो टिकावा म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

ऑगस्ट २००९. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, वसतिगृहात राहत होतो. स्वाईन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला होता. शाळा-कॉलेजे आठवडाभर बंद झाली, नायडू रुग्णालयासमोर तपासणीच्या रांगा लागल्या. कॉलेज उघडल्यावर चारच दिवसांनी मला ताप आला. मी तो लपवला. कळले तर रेक्टर घरी पाठवतील, पंचाहत्तर टक्के हजेरी बुडेल, टर्मवर्क अडेल, ही भीती होती. गोळी घेऊन मी प्रॅक्टिकलला गेलो, मेसमध्ये जेवलो, रात्री खिडकी लावून झोपलो. माझ्या रूम पार्टनरला दमा होता. पुढच्या आठवड्यात तो दवाखान्यात होता. तपासणी पॉझिटिव्ह, न्यूमोनिया. गावाहून आलेले त्याचे वडील व्हरांड्यात बसले होते. मला पाहून म्हणाले, "बाळा, तू जेवलास का?" मी मान हलवली. खरे सांगायचे धाडस झाले नाही. तो वाचला, आजही माझा मित्र आहे. त्याला माझ्याकडूनच लागण झाली हे सिद्ध करता येणार नाही. पण मला ते ओझे वाटते.

मी आज सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडला, तर चांगली टीम पहिल्यांदा 'कोणी केले?' असे विचारत नाही, 'कसे झाले?' असे विचारते. चूक सांगणाऱ्याला शिक्षा होऊ लागली की चुका थांबत नाहीत, फक्त कळायच्या थांबतात. साथीचेही तसेच आहे. ज्या कॅम्पसमध्ये ताप सांगणे महाग पडते, तिथे मुले ताप लपवतात.

हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. मार्च २०२०नंतर तबलिगी जमातच्या नावाने काय झाले ते आपण पाहिले. भाजीवाल्याला नाव विचारून हाकलले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे मत नोंदवले. पण तोवर खोकला आला तरी सांगायचा नाही, ही भीती मोहल्ल्यात बसली होती. त्याचे नुकसान सगळ्यांचेच झाले.

मात्र आपलीही जबाबदारी आहे. लसीत डुकराची चरबी आहे, लस घेतल्याने मूल होत नाही, असे मेसेज आपल्याच घरातल्या फोनवर फिरले. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये असला कोणताही घटक नाही. हे अम्मीला, खालाला शांतपणे समजावणे हे तुमचे काम. साथीच्या गावात जाऊ नका आणि तुम्ही तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आपण शतकानुशतके सांगतो. मग विलगीकरणाची लाज कशाची?

आता कॅम्पसकडे. डिसेंबर २०२०मध्ये आयआयटी मद्रासमध्ये शंभराहून अधिक जण बाधित झाले. बहुतेक वसतिगृहातले विद्यार्थी होते. तिथे एकच मेस चालू होती. मास्क काढून, एकत्र बसून, बोलत जेवतो ती जागा सर्वांत धोक्याची. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. म्हणून टेबल पुसण्यापेक्षा खिडकी उघडणे महत्त्वाचे. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर हवा खेळते. एसी लावून बंद केलेल्या संगणक कक्षात ती तशीच फिरत राहते.

तुमच्या प्राचार्यांकडे चार मागण्या लेखी द्या. एक, तापामुळे बुडालेली हजेरी धरली जाईल आणि परीक्षा पुन्हा देता येईल, असे सूचना फलकावर लागावे. दोन, वसतिगृहात स्वतंत्र संडास-बाथरूम असलेल्या दोन-तीन खोल्या राखीव असाव्यात, तिथे डबा पोहोचावा आणि ऑक्सिमीटर असावा. ऑक्सिजन ९४च्या खाली गेला तर लगेच दवाखाना. तीन, जेवण पाळ्यांमध्ये व्हावे आणि वर्गाच्या खिडक्या उघडणे ही कोणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी असावी. चार, आजारी विद्यार्थ्याचे नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ नये. संपर्कात आलेल्यांना कळवावे, पण गाजावाजा न करता.

यात पहिली मागणी सर्वांत स्वस्त आहे. तिला एक कागद लागतो. २००९ साली तो कागद आमच्या फलकावर असता तर मी रेक्टरांचे दार वाजवले असते.

१८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची सेवा करताना गेल्या. लोक रुग्णापासून पळत होते, तेव्हा त्या रुग्णाकडे गेल्या. आपल्याला एवढेही करायचे नाही. शेजारच्या कॉटवरचा मुलगा कण्हत असेल तर त्याला विचारा, "ताप आहे का? सांग, मी डबा आणतो." तो सांगेल, अशी जागा तयार करा.