'नंबर' कधीं लागणार?

'नंबर' हा इंग्रजी शब्द मराठी मुलखांत आला, तेव्हां त्याच्यावांचून येथें कांहीं अडलें होतें असें नाहीं. मोजदादीला संख्या होती, लिहिण्याला अंक, ओळींतील जागेला क्रमांक, व्याकरणाला वचन, आणि तिष्ठणाऱ्याला पाळी. इंग्रज मात्र यांतील बहुतेक कामें एकट्या 'नंबर'वर भागवितो. मासिकाच्या अंकालाहि तो 'नंबर'च म्हणतो. मराठीनें हा पाहुणा ठेवून घेतला आणि त्याच्या घरीं त्याला कधीं न पडलेलीं कामेंहि सांगितलीं. चष्म्याच्या भिंगाची शक्ति 'नंबर' झाली. हुशार मुलगी वर्गांत 'नंबर काढूं' लागली. 'दोन नंबरचा पैसा' कोणत्या गणितांत बसतो हें सांगणें कठीण, पण तो न समजणारा माणूसहि विरळाच! इंदापूर तालुक्यांत १८३५ सालीं गोल्डस्मिडसाहेबांनीं जमिनीची पाहणी आरंभिली. त्या पद्धतीच्या पाहणीनें शेताला 'सर्व्हे नंबर' मिळाला.

परंतु या शब्दाचा सर्वांत जड अर्थ ऐकावयाचा असेल तर बीड जिल्ह्यांतील तेलगांवाकडे जावें. सिंदफणेवर माजलगांवचें धरण झालें, पाटाचें पाणी आलें, ऊस वाढला, तेलगांवास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दिवाळी उलटली कीं ऊसवाल्या घरांत एकच प्रश्न: नंबर कधीं लागणार? येथें नंबर म्हणजे पाळी आणि तारीख, दोन्ही. लागण झाली कीं शेतकरी तिची नोंद कारखान्याच्या 'चिटबॉय'कडे करतो. (यांतील 'चिट' आपलीच चिठ्ठी, इंग्रजीची वारी करून ती 'बॉय'सह परत आली आहे.) सुरू ऊस बारा महिन्यांनीं तयार होतो, आडसाली सोळा ते अठरा महिन्यांनीं. उसाची जात आणि लागणीची तारीख पाहून तोडीचा क्रम ठरतो.

क्रम चुकला कीं ऊस कोणाची वाट पाहत नाहीं. त्याला तुरा येतो, कांडें पोकळ पडतें, वजन घटतें, आणि रानहि पुढल्या पिकाला मोकळें होत नाहीं. २०२१-२२ च्या हंगामांत मराठवाड्यांत ऊस इतका झाला कीं गाळप जूनपर्यंत लांबलें. त्या मे महिन्यांत बीड जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें तोड न मिळालेला फड पेटविला आणि स्वतःचा जीव दिला.

ज्यांच्या हातून हा नंबर लागावयाचा, त्या तोडकऱ्यांची मोजणी मात्र निराळीच. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादम 'माणसें किती' असें विचारीत नाहीं. 'कोयते किती' असें विचारतो. बायको पहांटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. हिशेबांत ती अर्धा कोयता. बीडचीं हजारों कुटुंबें दरसाल याच हिशेबानें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत उतरतात.

त्यांनाहि नंबर चुकत नाहीं. कारखान्याच्या तळावर भरलेल्या गाड्या वजनकाट्याच्या ओळींत रात्रभर उभ्या असतात. तोडलेला ऊस तासातासानें वाळतो आणि हलका होतो. मजुरी टनावर मिळते. तेव्हां नंबर उशिरां आला तर झीज शेतकऱ्याच्या मालांत होते तशीच तोडणाऱ्याच्या मजुरींतहि होते. गाडीवान गाडीखालीं पाठ टेकतो खरा, पण पुढची गाडी हलली कीं त्याला उठावें लागतें.