काढ्यासाठी गोळी सोडू नका

गावोगावच्या बैठकांत आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “ताई, एचआयव्हीच्या गोळ्या बंद करून जडीबुटीचं औषध घेतलं तर चालेल का?” विचारणारीची घालमेल आम्हाला कळते. गोळी लपवून घ्यायची, सासरी कळेल म्हणून भ्यायचं. त्यात कुणी छातीठोक सांगतं, “मुळापासून बरं करतो.” म्हणून आज गोळी सोडल्यावर अंगात काय होतं, ते समजून घेऊ.

एचआयव्ही आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो. त्याच्या जनुकांची पोथी साडेनऊ हजारांच्या आसपास अक्षरांची. ती उतरवताना तो सारख्या चुका करतो, आणि त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. उपचार नसले तर रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे एकाच बाईच्या अंगात थोडे थोडे वेगळे असे असंख्य विषाणू असतात. त्यातला एखादा एका औषधाला दाद देत नाही.

म्हणूनच एआरटीच्या उपचारात साधारण तीन औषधं एकत्र देतात. एकाला चुकवलं तरी दुसरं त्याला गाठतं. रोज वेळेवर गोळी घेतली की नकला जवळजवळ थांबतात आणि विषाणूला बदलायला वाव उरत नाही. कधी घेतली, कधी सोडली, तर औषध अपुरं पडतं. त्यात तगलेला विषाणू वाढतो. मग तीच गोळी पुन्हा लागू पडेलच असं नाही.

वनस्पतींत गुण नाहीत असं आम्ही म्हणत नाही. प्रयोगशाळेत अनेक वनस्पतींच्या अर्कांनी हा विषाणू रोखलेला आहे. पण काचेच्या नळीतलं यश म्हणजे माणसाचा इलाज नव्हे. शिवाय अशा प्रयोगांत बरेचदा ‘बी’ प्रकारचा विषाणू वापरतात, आणि आपल्या देशात बहुतेकांना ‘सी’ प्रकारचा असतो. आजवर एकाही वनौषधीनं एचआयव्ही बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही.

आणखी एक गोष्ट. काही वनौषधी गोळीचं बळ कमी करतात. सेंट जॉन्स वर्ट या परदेशी वनस्पतीबाबत हे नक्की ठाऊक आहे. लोह, कॅल्शियम किंवा पित्ताचं औषध डोल्युटेग्राविरच्या वेळीच घेतलं, तर ती गोळी अंगी कमी लागते. लोहभस्मातही लोहच असतं. म्हणून काढा, चूर्ण, भस्म, टॉनिक, जे काही घेता ते एआरटी केंद्रात दाखवा आणि वेळा विचारून घ्या. लपवू नका.

सरकारी एआरटी केंद्रात औषधं 2004 पासून मोफत मिळतात. व्हायरल लोडची तपासणीही मोफत आहे. गोळी लागू पडते की नाही, हे तीच सांगते. कुणी ‘बरं करतो’ म्हणालं, तर पैसे देण्याआधी 1097 या मोफत क्रमांकावर विचारा.

गोळी चालू ठेवा, मैत्रिणींनो.