क्लच आपणच उघडावा का?

मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. भर समुद्रात ती सोय नाही. म्हणून स्पीडबोटीच्या स्टर्नड्राइव्हचा क्लच घसरू लागला, की पाना हाती घेण्याआधी थोडं थांबावं.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन होडीच्या आत असतं आणि पंखा फिरवणारी गियरची पेटी मागे, बाहेरच्या अंगाला. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ही रचना बाजारात आणली. तिच्या अनेक बनावटींत क्लच शंकूच्या आकाराचा असतो. तो झिजला, की इंजिन नुसतं ओरडतं, होडी पुढे सरकत नाही.

पण पंख्यातला रबरी बुश सुटला तरी हेच लक्षण दिसतं. पंख्यावर आणि आतल्या बुशावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा, होडी चालवून पाहा. रेघ तुटली, तर दोष पंख्याचा. गियरची केबल पुरती ओढली जाते का, तेल दुधाळ होऊन आत पाणी शिरल्याचं सांगतंय का, हेही आपल्याला तपासता येतं. एवढं जरूर करावं.

क्लच उघडणं निराळं. आतली अंतरं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजावी लागतात. ती साधनं आणि त्या मॉडेलचं पुस्तक हाताशी नसेल, तर जाणत्या मिस्त्रीकडेच जावं.

कारण होडीला ब्रेक नसतो. धक्क्याला लागताना रिव्हर्सच तिला आवरतो. तेव्हा क्लचने दगा दिला आणि समोर एखादं पोर पोहत असलं तर? वाचलेले पैसे आपले असतात, धोका मात्र दुसऱ्याच्याही जिवाला असतो.