फोडण्याआधी दगड ओळखा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेत टेक्सासमध्ये शेल नावाच्या दगडात वायू कोंडलेला आहे. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने 1990 च्या दशकात तो दाबाच्या पाण्याने दगड फोडून काढला. पण बोअर घेण्याआधी कंपनी काय करते? दगडाचा लांब तुकडा वर काढून तपासते : वायू किती, छिद्रं किती, दगड फुटेल का. मग दोनेक किलोमीटर खाली बोअर आडवा वळवून पाणी, वाळू, थोडी रसायनं दाबाने भरतात. भेग उघडते, वाळू ती मिटू देत नाही.

ही विद्या आपल्याकडेही आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हातपंपांच्या आटलेल्या बोअरमध्ये ‘जलभंजन’ करते. रबरी पॅकरने बोअर बंद करून आत दाबाने पाणी सोडायचं. काळ्या पाषाणातल्या बुजलेल्या फटी मोकळ्या होतात. रसायन लागत नाही.

पण वायू कोट्यवधी वर्षांचा, आपलं पाणी मागच्या पावसाचं. जवळ पाण्याची फट असेल तरच जोड मिळेल. बालाघाटाच्या माथ्यावर अखंड पाषाण लागला तर नुसतं डिझेल जळेल!

कंपनी दगड पाहून पैसा घालते. आपण पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला की सावकाराचं दार गाठतो. एक कोरडा गेला की दुसरा, आणखी खोल. 2009 च्या भूजल कायद्याने शेतीसाठी 60 मीटरपलीकडे नव्या बोअरला मनाई केली, हे रिगवाला कशाला सांगेल?

म्हणून ठराव मांडतो : यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने शिवारात येऊन जमीन तपासावी, आणि शेतकऱ्याचा आटलेला बोअरही जलभंजनाला घ्यावा.